मधले आकडे

खिडकीतला जुना एसी दर अकरा मिनिटांनी
कुणी दार आपटावं तसा सुरू व्हायचा.
ट्यूबलाइट दबायची,
तांब्यावरचं फुलपात्र किणकिणायचं,
आणि दादा डोळे न उघडता म्हणायचे, "लोड आला."
मग गोधडी ओढावी इतका गारठा.
मग खट्.
घाम.
पुन्हा अकरा मिनिटं.

बायपासनंतर डॉक्टर म्हणाले, झोप हवी.
म्हणून ग्वाल्हेर सेहेचाळीसवर तापलेलं असताना
बिर्लानगरचा नवल कुशवाह
नवं धूड खांद्यावर घेऊन तीन जिने चढला.

पहिल्या रात्री दादा दोनदा म्हणाले, "बंद पडलाय."
मी गच्चीत गेले, बाहेरच्या पेटीवर तळवा ठेवला.
उभ्याउभ्या झोपलेल्या गाईच्या पाठीत असतं
तेवढंच काहीतरी आत चाललेलं.

सर्व्हिसला आला तेव्हा दादांनी नवलला गाठलं.
"मेन्स पन्नास सायकलची. मग मोटर हळू फिरेलच कशी?"
त्यानं पान्ह्यानं हवेत रेघ ओढली :
भिंतीतून आलेली वीज हा आधी सरळ करतो,
लाटा सगळ्या इस्त्री करून टाकतो,
मग लागतील तशा नव्या कापतो,
सेकंदाला ऐंशी, नाहीतर वीस.
खोली भट्टी असेल तर धावायचं,
अंतर उरलं नाही की पाऊल आवरायचं.
पोचलं तरी थांबायचं नाही, साहेब.
भिंतीतून जेवढं ऊन झिरपतं
तेवढंच उचलून बाहेर टाकत राहायचं.

दादा बराच वेळ गप्प.
एकतीस वर्षं मोरारच्या सबस्टेशनात
एकाच काट्यासमोर बसलेला माणूस.
पन्नास म्हणजे पन्नास.
उन्हाळ्यात काटा अठ्ठेचाळीसकडे घसरला
की वरून फोन यायचा
आणि हे हँडल ओढायचे.
हजिरा बंद. बिर्लानगर बंद.
लष्कर चालू.

"आमच्याकडे मधलं काही नव्हतंच," ते म्हणाले.
नवलनं फिल्टर उन्हात धरला, फुंकर मारली.
हो, रोज दुपारी जायची, तो हसला,
आई ओल्या टॉवेलात गुंडाळून झोपवायची आम्हाला.
आणि फिल्टर धुवायला नळाकडे गेला.

त्या दिवशी त्याचा चहा दादांनी स्वतः नेला.
पाच पावलं, भिंत,
पाच पावलं.
निम्मा बशीत.

जानेवारीत धुक्यानं किल्ला पुसून टाकला.
नवलनं फोनवरून सांगितलं, रिमोटवर सूर्य आहे, तो दाबा.
आत एक झडप उलटली, कुणी सुस्कारा सोडावा तशी,
आणि वायू आल्या वाटेनं माघारी निघाला.
बाहेर चार अंश.
"चार अंशांत ऊब कुठली?" दादांनी फोन माझ्या हातातून घेतला.
असते, तिकडून आवाज आला.
थोडी असते. दाबून दाबून काढायची.

आता उशीपाशी बोर्डाचं जुनं लॉगबुक असतं,
मागची कोरी पानं.
त्यांचं ते उभं, सरकारी अक्षर :
रात्री २.१०. अंदाजे बावीस. चालू.
रात्री ३.४०. एकोणीस. चालू.
मीटर नाही, काही नाही, नुसत्या कानानं.
"शेरा" या रकान्यात एकदाच काही लिहिलंय,
तेही खोडलंय. मला "बिर्ला" एवढंच लागलं.

काल पहाटे अंधारातून विचारलं, "किती?"
मी कान दिला.
"अठरा असेल."
"सोळा," ते म्हणाले
आणि कूस बदलली.